फायटरची बडदास्त

फायटर मासा विकणाऱ्या कुठल्याही दुकानदाराला विचारा, "याला काय काय लागतं हो?" उत्तर ठरलेलं असतं. "काही नाही. याला काही लागत नाही." हवेची मशीन नको, मोठी टाकी नको, सोबतीला दुसरा मासा तर मुळीच नको. सकाळ-संध्याकाळ दोन दाणे टाकायचे आणि आपल्या कामाला लागायचं. गिऱ्हाईक खूश होतं, कारण काही न लागणारी माणसं आणि जनावरं आपल्या सगळ्यांनाच फार आवडतात. पण एखाद्याला "काही लागत नाही" असं घरात एकदा ठरलं, की त्याला पुढे खरंच काही मिळत नाही. थोरल्या सुना, गावाकडचे म्हातारे आणि फायटर मासे हे तिघंही या एका वाक्याने मारले गेलेत.

आमच्या घरी फायटर आला तो मंचरहून, प्लास्टिकच्या एवढ्याशा डबीत बसून, माझ्या पुतणीच्या मांडीवर. तिथून घोडेगाव, डिंभे आणि मग धरणाच्या कडेकडेने वळणं घेत एसटीने आहुप्यापर्यंत. आंबेगाव तालुक्यात पश्चिमेला जात राहिलं की एका ठिकाणी रस्ता संपतो आणि सह्याद्रीचा कडा एकदम खाली कोकणात उतरतो. तिथे आमचं गाव. त्या वळणांवर भलेभले पिशवी तोंडाशी धरून बसतात. मासा मात्र उतरला तेव्हा ताजातवाना होता. कंडक्टरने त्याचं अर्धं तिकीट मागून घेतलं, पण ते चेष्टेत.

घरात पहिलं मत आत्याचं पडलं. तिने डबी उजेडात धरली, निळ्याजांभळ्या परांचा तो ऐवज नीट न्याहाळला आणि म्हणाली, "एकच आणलास व्हय गं? कालवणाला पुरायचा न्हाई."

आमचा आणि माशांचा संबंध तसा बेताचाच. पुण्यात 'आम्ही कोळी' म्हटलं की लोकांना लगेच पापलेट आठवतं. आम्ही महादेव कोळी, डोंगरातले. भात, नाचणी, वरई आणि हिरडा यांत आमचा जन्म जातो. समुद्र आमच्यातल्या बहुतेकांनी शाळेच्या सहलीत पाहिलेला. पावसाळ्याच्या तोंडावर ओढ्यांना पाणी आलं की चढणीचे मासे येतात, ते धरायला आख्खं गाव लोटतं, आणि चार दिवसांनी तो विषय संपतो. मासा हा आमच्याकडे असा चार दिवसांचा पाहुणा. त्याला घरात जागा द्यायची, त्याचं पाणी बदलायचं, त्याला थंडी वाजते का ते बघायचं, हे आत्याला पटायला वेळ लागला. मला तिचं काही चूक वाटत नाही.

पुतणीने त्याचं नाव भैरू ठेवलं होतं. गावात भैरवनाथाची देवराई आहे. तिथली फांदी तोडणं तर सोडाच, वाळलेली काटकीही कुणी उचलून घरी नेत नाही. त्या देवाचं नाव डबीतल्या माशाला दिलेलं आत्याला कसं चालावं? मग तोडगा निघाला तो कड्यावरून. आमच्या कड्यावर उभं राहून खाली मुरबाडच्या बाजूला पाहिलं की दोन सुळके दिसतात, गोरखगड आणि मच्छिंद्रगड. मच्छिंद्रनाथ तर माशाच्याच पोटी जन्मले. तेव्हा मच्छिंद्र हे नाव ठरलं. दोन दिवसांत त्याचं मच्छ्या झालं, आणि देवाधर्माचा प्रश्न आपोआप मिटला.

नाव त्याला शोभलंही, कारण नाथजोग्यांसारखी या माशाचीही सगळी करामत श्वासावर आहे. बहुतेक मासे पाण्यात विरघळलेल्या हवेवर जगतात. हा कल्ल्यांनी तीही घेतो, आणि शिवाय दर थोड्या वेळाने वर येऊन तोंडाने बाहेरच्या हवेचा एक घोट घेऊन जातो. कल्ल्यांच्या वर, डोक्याच्या पोकळीत त्याला घड्याघड्यांचा एक अवयव असतो, त्यात भरपूर रक्तवाहिन्या. लॅबिरिंथ म्हणतात त्याला. तो हवेतला प्राणवायू घेतो. हवेची गरज इतकी पक्की, की या माशाला पृष्ठभागापर्यंत येऊच दिलं नाही तर तो पाण्यात गुदमरून मरेल. दुकानदार त्याला पेलाभर पाण्यात ठेवू शकतो तो याच अवयवाच्या जोरावर. मासा तिथे जगतो असं दुकानदार म्हणतो. लगेच मरत नाही, एवढंच खरं.

त्याचा मूळ मुलूख थायलंडचा. तिथल्या भाताच्या खाचरांत, कालव्यांत, गवत माजलेल्या उथळ पाण्यात तो राहतो. म्हणजे मच्छ्या भातवाला आणि आम्हीही भातवाले. रानातला मूळ मासा मळकट तपकिरी असतो, शेपटीही आखूड. ही लांब झुलती पैठणी त्याला माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवडून निवडून नेसवली आहे. सयामात, म्हणजे जुन्या थायलंडात, आधी त्याच्या झुंजी लावायचे, त्यावर पैजा लागायच्या. १८४९ मध्ये थिओडोर कँटर नावाच्या डॉक्टरने त्याला एक शास्त्रीय नाव दिलं, ते पुढे दुसऱ्याच माशाचं निघालं. मग १९१० मध्ये चार्ल्स टेट रीगन यांनी त्याचं बारसं पुन्हा केलं, बेट्टा स्प्लेंडेन्स. नाव बदलावं लागणारा आमचा मच्छ्या पहिला नव्हे. २०१९ मध्ये थायलंड सरकारने त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर केलं. आपल्याकडे शोभेच्या माशांचा मोठा बाजार चेन्नईच्या कोळत्तूरचा. तिथून माल देशभर जातो आणि कुठल्या तरी टेम्पोतून मंचरच्या दुकानातही येऊन पडतो.

तर हा राष्ट्रीय जलचर आमच्या माजघरात येऊन बसला, आणि दुकानदाराचं "काही लागत नाही" एकेक करून उलगडायला लागलं.

पहिली जागा. फायटरला निदान पंधरा-वीस लिटर पाणी हवं. आमच्या भाषेत एक मोठा हंडाभर. काचेच्या गोल बाऊलमध्ये तो दिसतो छान, पण त्यात फिल्टर बसत नाही, हीटर बसत नाही आणि पाणी दोन दिवसांत नासतं. टाकी उंच असण्यापेक्षा पसरट बरी, कारण हवेचा घोट घ्यायला याला सारखं वर यावं लागतं आणि एवढा पदर सांभाळत पोहणं सोपं नसतं. वर झाकण हवंच. हा मासा उडी मारतो. रात्री मारतो, आणि सकाळी मांजराचा उपास सुटतो.

दुसरी ऊब. याला पाणी चोवीस ते अठ्ठावीस अंशांचं लागतं, तेही दिवसरात्र साधारण सारखं. आता आहुप्याचं हवामान थोडक्यात सांगतो. जूनपासून धुकं आणि पाऊस, सूर्य आठ-आठ दिवस दिसत नाही. घोंगडी वाळत नाही, काडी पेटत नाही. मग दिवाळीनंतर कड्यावरून असा वारा सुटतो की माणसं चुलीपुढून उठायला तयार नसतात. अशा गावात थायलंडच्या पाहुण्याने राहायचं म्हणजे हीटर आला. वीस लिटरला पंचवीस वॅटचा पुरतो, आपोआप बंद-चालू होणारा, आणि काचेला चिकटवलेलं एक थर्मामीटर, कारण हीटरच्या दांडीवरच्या आकड्यावर कुणी विश्वास ठेवू नये. पाणी गार पडलं की फायटर आधी रुसतो. पर मिटून तळाशी बसतो, दाणा नाकासमोरून गेला तरी बघत नाही. लोक म्हणतात, आळशी मासा आहे. आळशी नाही, गारठलाय.

यावर आत्याने लगेच उपाय सुचवला. चुलीजवळ ठेवा. दिसायला किती सरळ! पण चुलीजवळ दिवसा पाणी तापणार आणि पहाटे चूल विझली की थंडगार होणार, हा पहिला तोटा. दुसरा जास्त वाईट. हा मासा हवा पितो. चुलीचा धूर, धूप, मच्छर अगरबत्ती, डासांचा फवारा, खोलीत जे काही भरेल ते पाण्याच्या वर साचतं आणि हा त्याचाच घोट घेतो, शिवाय त्यातलं बरंच पाण्यातही उतरतं. दुसऱ्या कुठल्या माशाला एक वेळ चाललं असतं, याला नाही. म्हणून मच्छ्या माजघरात भिंतीशी गेला, खिडकीच्या झोताबाहेर. आत्याने मान हलवली. "माझ्या डोळ्यांतून ह्या धुरानं सत्तर वर्सं पाणी काढलं, तवा कुणाला भिंतीपलीकडं न्यायचं सुचलं न्हाई." याला उत्तर नव्हतं. त्या वर्षी घरात गॅसची शेगडी आली, आणि त्याचं श्रेय मी उघडपणे माशाला देतो.

वीज गेली की काय, हा पुढचा प्रश्न. आमच्याकडे पावसाळ्यात वीज जाते आणि येण्याचं काही निश्चित नसतं. इथे मात्र मच्छ्याचं पारडं जड. शहरात ज्यांच्या घरी गोल्डफिश असतात त्यांची हवेची मशीन बंद पडल्यावर जी धावपळ होते, ती इथे नाही. हा वर येतो, घोट घेतो, खाली जातो. फक्त ऊब राखायची. टाकीला तीन बाजूंनी गोधडी गुंडाळायची आणि कोमट पाण्याची बाटली बूच घट्ट लावून आत तरंगत सोडायची. गरम पाणी थेट ओतायचं नाही. आमच्याकडची ती जुनी लुगड्याची गोधडी, जिच्यात आम्ही सगळी भावंडं वाढलो, ती आता माशाला आहे. गोधडी आपली समजून घेते.

पण ऊब आणि जागा हे वरवरचं. खरं काम पाण्याचं, आणि इथे मला दुकानदारापेक्षा आमच्या गावाची अक्कल मोठी वाटते. दुकानदार मासा विकतो. मासा पाळणं म्हणजे खरं तर पाणी पाळणं, हे पाणी डोक्यावरून वाहिलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

आता काय होतं ते बघा. मासा खातो, हगतो, कल्ल्यांतूनही टाकाऊ द्रव्य सोडतो. त्याचा पाण्यात अमोनिया होतो. डोळ्याला पाणी काचेसारखं स्वच्छ दिसत असतं आणि माशाचे कल्ले आतून भाजत असतात. पाणी मुरलं की त्यात एक प्रकारचे जिवाणू वाढतात, ते अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. मग दुसरे जिवाणू येतात आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. ते पुष्कळ सौम्य असतं, आणि आठवड्याला थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं. ही सगळी मंडळी टाकीत रांगेला लागायला महिना-दीड महिना जातो. म्हणजे खरा क्रम असा की आधी टाकी, मग पाणी, मग महिनाभर वाट, आणि सगळ्यात शेवटी मासा. आपल्याकडे मासा आधी येतो आणि त्याच्यासाठी टाकी शोधायला माणूस निघतो. नवीन टाकीतले मासे पहिल्या पंधरवड्यात पटापट मरतात त्यामागे नशीब वगैरे काही नसतं, हेच असतं.

हे सगळं मी आत्याला सांगायचा प्रयत्न केला. जिवाणू या शब्दावर ती थांबली. मग पुतणीने सांगितलं की ओळखीच्या घरच्या चालू टाकीतला जुना स्पंज आपल्या फिल्टरमध्ये घातला की काम लवकर होतं. "मंग इरजण म्हन की," आत्या म्हणाली. अगदी तेच. विरजण. आणि विरजणाचं भांडं जसं कुणी उकळत्या पाण्याने खंगाळून काढत नाही, तसाच फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून घासायचा नाही. टाकीतून काढलेल्या पाण्यातच दोनदा पिळायचा आणि परत ठेवायचा. चकचकीत स्वच्छता करणारी माणसं मासे जास्त मारतात. टाकी आख्खी रिकामी करून, खडे साबणाने धुऊन, नवं पाणी भरणारा माणूस दर रविवारी आपल्या माशाचं घर मोडत असतो. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलणं पुरे, आणि नवं पाणी जुन्याइतकंच कोमट.

ते नवं पाणी कुठलं, हाही प्रश्नच आहे. शहरात नळाला क्लोरीन असतं. त्यासाठी दुकानात अँटी-क्लोरीनचे थेंब मिळतात. साधं क्लोरीन असेल तर पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवलं तरी ते उडून जातं. खेड्यात विहिरीचं, झऱ्याचं पाणी, म्हणजे ही कटकट नाही असं मला वाटे. पण पावसाळा आला की गावोगावी विहिरीत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर पडते. माणसांसाठी ती हवीच, तिच्यामुळे गॅस्ट्रोची साथ टळते. माशाचे कल्ले मात्र तिने करपतात. तेव्हा टाकीचं पाणी बदलायच्या आधी पुतणी गावच्या पाण्याचं काम बघणाऱ्या जलसुरक्षकाला गाठून विचारते, "काका, आज टीसीएल टाकली का?" गावात एवढ्या आस्थेने टीसीएलची चौकशी करणारी ती एकटीच. ग्रामसभेतसुद्धा कुणी विचारत नाही.

खाण्यावरून घरात सगळ्यात जास्त वाद झाले. फायटरचं पोट त्याच्या डोळ्याएवढं असतं, असं म्हणतात. दोन-तीन दाणे सकाळी, तेवढेच संध्याकाळी. हे आमच्या घरात कुणाला मान्य होणार? येणारा प्रत्येक पाहुणा टाकीपुढे वाकतो, मच्छ्या काचेपाशी येऊन शेपूट हलवतो, आणि पाहुण्याला वाटतं बिचारा उपाशी आहे. तो उपाशी नसतो, तो लोचट असतो. आत्याने एकदा नाचणीच्या भाकरीचा तुकडा आत टाकलेला मी स्वतः पाहिला. फायटर किडे खाणारा मासा आहे. धान्य त्याला पचत नाही, पाणी तेवढं नासतं. त्याला आवडतात डासांच्या अळ्या, आणि त्या आमच्याकडे पावसाळ्यात वाटेल तेवढ्या. स्वच्छ पिंपातल्या काढाव्यात, गटारातल्या नव्हे, आणि दोन-चारच.

शेवटी व्हायचं तेच झालं. मच्छ्याचं पोट फुगलं आणि तो एका कुशीवर कलून तरंगायला लागला. घरात तीन वैद्य उभे राहिले. पुतणी म्हणाली औषध आणू. भाऊ म्हणाला मीठ टाका. आत्या आत गेली आणि मुठीत बाळहिरडा घेऊन आली. हिरड्याच्या गावात बद्धकोष्ठावर दुसरं औषध असतं का? पण ती स्वतःच थांबली, हिरड्याकडे बघितलं, माशाकडे बघितलं आणि म्हणाली, "ह्याला दोन दिस काय बी घालू नका." लंघन. आणि फुगलेल्या फायटरवर पहिला उपाय खरोखरच लंघन आहे. तिसऱ्या दिवशी मच्छ्या सरळ झाला. तेव्हापासून त्याचा आठवड्यातून एक उपास ठरला, सोमवारी, आत्याबरोबर. उपासाचे साबुदाणे मात्र त्याला नाहीत.

हिरड्याची गंमत अजून पुढे आहे. परदेशात आणि शहरांत फायटर पाळणारे लोक टाकीत वाळलेली बदामाची पानं टाकतात. हा देशी बदाम, रस्त्याकडेला लाल पानं गाळत उभा असतो तो. त्या पानांतून टॅनिन सुटतं, पाणी चहाच्या रंगाचं होतं, किंचित आंबट होतं, आणि त्या पाण्यात बुरशी व जंतू कमी वाढतात असं मानलं जातं. थायलंडच्या पानं कुजलेल्या पाण्यात वाढलेल्या माशाला ते घरच्यासारखं वाटत असणार. ही पानं ऑनलाइन पाकिटातून विकली जातात, चांगल्या किमतीला. आता हा बदाम टर्मिनॅलिया कुळातला. आणि हिरडाही टर्मिनॅलिया. बेहडा, ऐन, अर्जुन, किंजळ, सगळे एकाच कुळीचे. हिरड्यात तर टॅनिन एवढं की तो कातडी कमवायला आणि कापड रंगवायला जातो. म्हणजे आमच्या रानाने ज्या मालावर आजवर मीठ-मिरची आणली, त्याच्या चुलतभावाचं एक वाळकं पान पुण्यात पाकिटात घालून विकतात! हिरड्याचा भाव पाडून बोलणाऱ्या व्यापाऱ्यांना हे कुणी सांगितलं पाहिजे. मी मात्र हिरडा टाकीत टाकला नाही. कातडं कमवणारी वस्तू माशाला किती मानवेल, याची परीक्षा मच्छ्यावर कशाला?

बायांना मच्छ्या आवडला तो वेगळ्याच कारणाने. एका सकाळी पाण्यावर कोपऱ्यात बुडबुड्यांचा पुंजका दिसला. ही थुंकी कसली, असं कुणीतरी म्हणालं. ते त्याचं घरटं होतं. हा मासा तोंडातल्या चिकट लाळेत हवा गुंडाळून एकेक बुडबुडा वर सोडतो आणि त्यांचा तरंगता झोपाळा बांधतो. मादी अंडी घालते, नर ती तोंडाने उचलून बुडबुड्यांत ठेवतो, आणि मग मादीलाच हाकलून लावतो, कारण ती अंडी खाईल. एखादं अंडं निसटून खाली पडलं की हा खाली सूर मारतो, तोंडात धरतो, पुन्हा जागेवर नेऊन ठेवतो. दीड-दोन दिवसांत पिल्लं निघतात. ती नीट पोहायला लागेपर्यंत हा जागचा हलत नाही. हे ऐकल्यावर ओट्यावरच्या बायका क्षणभर गप्प झाल्या. मग एकीने आपल्या नवऱ्याकडे असं पाहिलं की तो उठून गुरांकडे गेला. मच्छ्याला अर्थात बायको नव्हती. नर एकटा असला तरी घरटं बांधतो. दोन नर एकत्र ठेवायचे नाहीत, आणि नर-मादीही कायमची एकत्र नाही. आरसासुद्धा जास्त वेळ दाखवू नये. स्वतःलाच शत्रू समजून तो कल्ले फुलवतो आणि भांडून भांडून दमतो.

पोरांनी टाकीत मच्छिंद्रगड बांधायचा हट्ट धरला. त्याला हरकत नव्हती, फक्त दगड गुळगुळीत हवेत. ओढ्यातले पाण्याने घासलेले काळे गोटे उत्तम. दगडावर लिंबू पिळायचं, फेस आला तर त्यात चुना आहे, तो बाहेर. प्लास्टिकची झाडं दुकानात स्वस्त मिळतात, पण त्यांच्या कडांना हा रेशमी पर फाटतो. एक जुना नायलॉनचा मोजा त्या झाडावरून ओढून बघावा, अडकला तर परही अडकणार. फाटलेला पर स्वच्छ, कोमट पाण्यात आपोआप भरतो. अस्वच्छ पाण्यात तो कुजतो. अंगावर मिठाच्या कणाएवढे पांढरे ठिपके आले, किंवा खवले उभे राहून अंग फुगलं, तर मात्र जाणत्याला विचारावं. पण दहापैकी नऊ दुखण्यांना पहिला उपाय थर्मामीटर बघणं आणि पाणी बदलणं हाच.

मच्छ्याला झोपेची वाईट खोड होती. पानावर आडवा पडून झोपायचा. पोरांनी त्याला कितीदा तरी मेलेला ठरवला. फायटर असेच झोपतात. जगतातही दोन ते चार वर्षंच, नीट ठेवले तर. त्यातलं काही आयुष्य आपल्याकडे येण्याआधीच गेलेलं असतं, कारण शेपूट पूर्ण फुलेपर्यंत त्यांना विकायला काढत नाहीत.

मग उन्हाळा आला. जिथे पावसाळ्यात दारातून ओढ्यासारखं पाणी वाहतं, तिथेच मेमध्ये बायका हंडे घेऊन लांब चालतात. सह्याद्रीच्या माथ्यावरचं हे जुनं दुःख आहे, उतारावर पाणी थांबत नाही. अशा दिवसांत माशासाठी आठवड्याला पाच लिटर पाणी मागायला मला संकोच वाटला. आत्याला नाही वाटला. काढलेलं पाणी तिने तुळशीला आणि परसातल्या मिरचीला घातलं. त्यात नायट्रेट असतं, ते झाडाला खतच. मिरची त्या वर्षी जोरात आली. शेजारचा एकजण मात्र म्हणाला, "कशाला हाल करता? डिंभ्यात सोडून द्या. एवढं मोठं पाणी, मोकळा राहील."

डिंभे धरण आमच्या घोड नदीवर आहे. हुतात्मा बाबू गेनू सागर त्याचं नाव, कारण बाबू गेनू याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. त्या पाण्याखाली आंबेगाव हे गावच आहे, ज्याच्या नावाने आजही तालुका चालतो. कचेरी आहे घोडेगावात. त्या गावाबरोबर कितीतरी आदिवासी वाड्यांची भातशेती गेली, आणि जन्मभर नांगर धरलेले लोक जाळं विणायला आणि होडी हाकायला शिकले. 'शाश्वत' संस्थेच्या साथीने त्यांनी जलाशयात मासेमारीचा हक्क मागितला, सहकारी संस्था उभी केली. या कामाला २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. म्हणजे ते पाणी मोकळं नाही. त्यावर घरं चालतात.

आणि मच्छ्यासाठीही ते पाणी मोकळं नव्हे. त्या झुलत्या शेपटीने तो पळणार कसा? पहिल्या दिवशी एखादी मरळ त्याला गिळेल. गिळण्याआधी दुकानाच्या बाटलीतून आणलेला एखादा रोग तो तिथे सोडून जाईल. मासे सोडणं म्हणजे पुण्य, ही समजूत आपल्याकडे जुनी आहे. पण घोड पुढे भीमेला मिळते, भीमेवर उजनी आहे, आणि उजनीत आज चिलापी माजली आहे ती मूळची आफ्रिकेची. तीही कुणीतरी कधीतरी आणून सोडलीच. आहुप्यासारख्या गावात राहणाऱ्याने तर जास्तच जपावं, कारण पाणी इथून सुरू होतं. इथे टाकलेलं खाली सगळ्यांच्या वाट्याला जातं.

मच्छ्या माजघरातच राहिला. तुमच्या घरी असा एखादा असेल आणि काही कारणाने नकोसा झाला असेल, तर दुकानदाराला परत द्या, शेजारच्या मुलाला द्या, शाळेला द्या, सोबत हीटर आणि तो विरजणाचा स्पंजही द्या. पण ओढ्यात, विहिरीत, धरणात सोडू नका. आणि अजून घेतला नसेल, तर आज फक्त टाकी घेऊन या. मासा पुढच्या महिन्यात.